कुठं खेळलायसा?

मीटिंग कॅम्पातल्या बेकरीच्या माळ्यावर.
सहा खुर्च्या, सात माणसं.
सातवा भरमाणी हलगेकर, उभा.
उद्यमबागेत फौंड्रीत पॅटर्नमेकर,
कानामागं पेन्सिल,
जी काढायची त्याला आठवण राहिली नव्हती.

आम्ही विचारलं, म्हणजे मीच विचारलं,
"तुम्ही कुठं खेळलायसा?"
"कुठंच नाही," म्हणाला,
आणि कुणी हसायच्या आत,
"पोरं खेळायची, मी सायकली सांभाळायचो.
सायकलींपाशी उभं राहिलं की
मैदान तिरकं दिसतं."

यावर काय बोलणार?
आमच्याकडं कैतान होता की!
कैतान डिमेलो, गोव्यात तीन हंगाम पहिल्या अकरात,
त्याच्या डाव्या पायाची गोष्ट
खानापूरपासून निपाणीपर्यंत
जो तो डोळ्यांनी बघितल्यासारखी सांगायचा.
"असं मार," म्हणायचा कैतान, आणि मारायचा.
चेंडू जायचा. पोरं टाळ्या वाजवायची.
मग पोरं मारायची,
आणि चेंडू दुसऱ्या रेल्वे गेटाकडं.
त्याला राग येत नव्हता, नवल वाटायचं.
जन्मभर जे त्याला न शोधता सापडलं
ते ह्यांचं हरवतं कसं, हेच कळेना.

मी स्वतः नऊ वर्षं बदली गोलकीपर.
नऊ वर्षांत एकूण एकतीस मिनिटं.
म्हणून तो प्रश्न
मी जरा मोठ्यानं विचारतो.

कैतान पोराकडं कुवेतला गेला,
दुसरं कुणी फुकट मिळेना,
तेव्हा ठराव झाला : हलगेकर, तात्पुरते.

पहिल्या दिवशी त्यानं चेंडू आणलाच नाही.
लेले ग्राउंडवर सागवानी ठोकळे मांडले
आणि मधल्या मातीकडं बोट केलं.
"पॅटर्न वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा.
मागं जे राहतं, त्यात लोखंड येतं.
मी लोखंड बघत नाही बाबांनो,
ते यायच्या आधीचं बघतो."
पोरांनी एकमेकांकडं बघितलं.
मग शिवलिंगला कन्नडात,
तौसीफला कॅम्पातल्या उर्दूत,
बाकीच्यांना आपल्या मराठीत
सांगत सुटला एकच शब्द :
जाग. जगा. जागा.
त्या शब्दापायी आमच्या गावात
पाट्यांना डांबर लागतं.
पोरं नुसती तिकडं पळत गेली.

फायनल मिलिटरीच्या पोरांशी. बरोबरी, मग पेनल्टी.
शिवलिंग चेंडू काखेत धरून आला,
ओठ कोरडे.
"सर, तिथं उभं राहिल्यावर कसं वाटतं?"
भरमाणीनं कानामागची पेन्सिल काढली,
परत ठेवली.
"मला नाही माहीत," म्हणाला.
खोटं बोलला असता तर चाललं असतं.
वर्षभर सगळ्याला उत्तर असलेला माणूस
इथं आला आणि थांबला,
आणि मी, ज्याला हे आतून सुखावायला पाहिजे होतं,
मी बाकावरून उठलो.

माझ्या एकतीस मिनिटांत एक पेनल्टी होती.
अडवली नाही. पण उभा होतो.
पोराला सांगितलं,
गोल आतून केवढा मोठा असतो,
पाठीमागं अख्खा तालुका उघडा टाकल्यासारखा,
आणि हात दोनच.
"तो तुझ्यापेक्षा जास्त भ्यालाय.
जा, मार."

खांबाला लागून आत गेला.
पुढं तौसीफचा वरून गेला, आपण हरलो,
ते सोडा.

तात्पुरते या शब्दाला आता चार वर्षं झाली.
परवा परत मीटिंग. पोरींचा संघ काढायचाय,
मुचंडीहून एक बाई आलेल्या,
पोस्टात टपाल वेगळं करतात, पंधरा वर्षं.
दारातच उभ्या.
सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं,
प्रश्न माझा म्हणून.
आठवत होता मला, अगदी जिभेवर होता.
"आधी बसा," म्हटलं,
आणि खुर्ची शोधायला
खाली बेकरीत गेलो.